साखरेचा हिशेब लावणारी गर्टी

सकाळची लोकल. रात्री नऊला जेवलात, सकाळी पोटात गेलाय तो फक्त अर्धा कप चहा. पुलावर पोचता पोचता दिसतं की गाडी प्लॅटफॉर्मला लागलीये. तुम्ही बॅग सावरता, दोन-दोन पायऱ्या गाळत खाली येता आणि कसेबसे डब्यात शिरता. धाप लागलेली, मांड्या भरून आलेल्या, पण गाडी मिळाली. आता दाराशी उभं राहून श्वास घेता घेता स्वतःला एक प्रश्न विचारा. दहा तास धड काही खाल्लेलं नाही, तरी या पळापळीला लागणारं इंधन आलं कुठून?

उत्तर तुम्हाला अकरावी-बारावीच्या पुस्तकातून आठवत असेल. ग्लायकोजेन. काल रात्रीच्या भात-पोळीची शरीराने साखर केली, त्यातली लगेच लागेल तेवढी वापरली आणि उरलेली साठवून ठेवली. ती आज पहाटेपासून तुम्ही वापरताय. त्याच पानावर, बहुतेक चौकटीत, 'कोरी सायकल' नावाची एक आकृतीही होती. स्नायूकडून यकृताकडे एक बाण, यकृताकडून स्नायूकडे दुसरा. आपण ती पाठ केली, परीक्षेत काढली आणि विसरलो.

पण हे कोरी म्हणजे एक माणूस नव्हे, दोन. नवरा आणि बायको. आणि त्यातल्या बायकोने नवऱ्यासोबत काम करू नये म्हणून तिला नोकरीवरून काढायची धमकी मिळाली होती. तिचं नाव गर्टी कोरी. विज्ञानातलं नोबेल मिळवणारी जगातली तिसरी स्त्री आणि वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली. आज तिची गोष्ट वाचा. वाचता वाचता तुमच्या मांड्यांमध्ये आत्ता काय चाललंय, तेही कळेल.

आठ वर्षांचं लॅटिन एका वर्षात

गर्टी रॅडनिट्झचा जन्म 15 ऑगस्ट 1896 चा, प्रागमधला. तेव्हा प्राग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. घर ज्यू, खाऊनपिऊन सुखी. वडील ओटो रॅडनिट्झ रसायनतज्ज्ञ, आणि गंमत बघा, साखर कारखान्यांचे व्यवस्थापक. आपल्याकडे साखर उसाची, तिकडे बीटाची, एवढाच फरक. पुढे जिने आयुष्यभर साखरेचा कण न् कण मोजला, तिच्या घरात चूल पेटायची तीही साखरेच्याच पैशांवर.

तीन बहिणींत ती थोरली. दहाव्या वर्षापर्यंत शिक्षण घरीच झालं, मग मुलींच्या शाळेत. या शाळांमधून मुली चारचौघांत नीट बोलायला-वागायला शिकाव्यात, अशी अपेक्षा असायची. त्या विद्यापीठात जातील असं काही कुणी धरून चालत नव्हतं. गर्टीने सोळाव्या वर्षी ठरवलं, की आपण डॉक्टर व्हायचं. बालरोगतज्ज्ञ असलेल्या मामाने ती कल्पना उचलून धरली. पण मेडिकलच्या प्रवेशाला जे लागतं त्यातलं तिच्याकडे जवळपास काहीच नव्हतं. लॅटिन नाही, पुरेसं गणित नाही, फिजिक्स-केमिस्ट्री नाही. आठ वर्षांचं लॅटिन आणि पाच वर्षांचं गणित-विज्ञान भरून काढायचं होतं.

तिने ते साधारण एका वर्षात भरून काढलं. सुट्टीत टिरोलच्या डोंगरांत फिरायला गेलेली असताना एक शिक्षक भेटले, त्यांच्याकडे लॅटिन सुरू केलं. 1914 मध्ये प्रवेश परीक्षा पास झाली. आयुष्यात दिलेली सगळ्यात अवघड परीक्षा हीच, असं ती नंतरही सांगायची. नीट किंवा सीईटीचा एखादा ड्रॉप घेतलेल्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रागच्या जर्मन विद्यापीठात तिला कार्ल कोरी भेटला. त्याच वर्षी, त्याच शहरात जन्मलेला, पण ट्रिएस्टेला समुद्राकाठी वाढलेला. तिथे त्याचे वडील सागरी जीवशास्त्र केंद्राचे संचालक होते. तो शांत, काहीसा बुजरा. ही बडबडी, तरतरीत, लाल केसांची. दोघांना डोंगर चढायचं वेड आणि दोघांना पेशंट तपासण्यापेक्षा संशोधनात जास्त रस. मध्येच पहिलं महायुद्ध आलं आणि कार्लला सैन्यात जावं लागलं. तो परतला. 1920 मध्ये दोघांची डिग्री झाली, पहिला संयुक्त शोधनिबंध आला आणि ऑगस्टमध्ये व्हिएन्नात लग्नही झालं. त्यासाठी गर्टीने कॅथलिक धर्म स्वीकारला. ज्यू बायको म्हणजे मुलाच्या करिअरला धोका, ही धास्ती कार्लच्या घरच्यांना होतीच.

ती धास्ती अगदीच खोटी नव्हती. युद्धानंतरच्या ऑस्ट्रियात अन्नाची टंचाई होती आणि ज्यूद्वेष वाढत होता. गर्टी व्हिएन्नातल्या मुलांच्या हॉस्पिटलात काम करत होती. तिथल्या जेवणात इतकी कमतरता, की तिला अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा डोळ्यांचा विकार झाला. प्रागला आईवडिलांकडे जाऊन नीट खाल्लं, तेव्हा तो बरा झाला. कार्लला ग्राझच्या विद्यापीठात काम करण्यासाठी आपण ज्यू वंशाचे नाही, हे सिद्ध करावं लागलं. इथे राहण्यात अर्थ नाही, हे दोघांना कळून चुकलं. जावा बेटावर डॉक्टर म्हणून जाण्यासाठी त्यांनी डच सरकारकडे अर्जसुद्धा केला होता. तेवढ्यात अमेरिकेतल्या बफेलो शहरातून कार्लला बोलावणं आलं. 1922 मध्ये तो गेला, काही महिन्यांनी गर्टी.

खोलीबाहेर यायचं नाही

बफेलोची ती संस्था कॅन्सरवर संशोधन करणारी. गर्टीला तिथे सहायक पॅथॉलॉजिस्टची नोकरी मिळाली. आणि एक अटही मिळाली. आपल्या खोलीत बसायचं, मायक्रोस्कोपमध्ये बघायचं आणि नवऱ्याच्या लॅबमध्ये पाय ठेवायचा नाही. ठेवला तर नोकरी गेली. काही काळ ती खरंच खोलीत बसून राहिली. मग आधी स्लाइड दाखवायच्या निमित्ताने, मग काहीतरी विचारायच्या निमित्ताने ती कार्लकडे जायला लागली आणि हळूहळू दोघांचं काम पुन्हा एक झालं. वरिष्ठांनी शेवटी नाद सोडला.

संस्था कॅन्सरची असली तरी या दोघांना भलत्याच प्रश्नाने धरलं होतं. खाल्लेली साखर शरीरात नेमकी कुठे जाते?

यातला अर्धा भाग आधीच माहीत होता. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1857 मध्ये यकृतातून एक पांढरी पिठूळ वस्तू वेगळी काढली होती. तिच्यापासून साखर तयार होते, म्हणून तिचं नाव ग्लायकोजेन, म्हणजे साखर जन्माला घालणारं. आज आपल्याला त्याची रचना ठाऊक आहे. ग्लुकोजचे हजारो मणी एकमेकांत गुंफलेले, आणि साखळीला दर आठ-बारा मण्यांवर फांदी फुटलेली. एक गोल, दाट झुडूपच म्हणा ना.

ग्लुकोज तसंच का साठवत नाही शरीर? कारण ते पाण्यात विरघळतं. पेशीत सुटे मणी कोंबले तर ऑस्मोसिसने पाणी आत ओढलं जाईल आणि पेशी फुगून फुटेल. हजारो मण्यांची एक माळ केली की कण एकच, ओढाताण नाही. आणि फांद्या का? कारण साखर टोकाकडून तोडली जाते. फांद्या जास्त म्हणजे टोकं जास्त, टोकं जास्त म्हणजे एका वेळी जास्त ग्लुकोज मोकळं. गाडी सुटत असते तेव्हा हेच कामाला येतं.

आता आकडे बघा. तुमच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज असतं. एक चमचा! यकृतात साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन मावतं, सगळ्या स्नायूंत मिळून साधारण 400 ग्रॅम. ग्रॅमला चार कॅलरी धरल्या तर हा साठा दोन हजार कॅलरींचा, म्हणजे एका साध्या दिवसाच्या खर्चाएवढा. चरबीच्या साठ्यापुढे हे काहीच नाही. पण चरबी म्हणजे मुदत ठेव आणि ग्लायकोजेन म्हणजे खिशातली रोकड. घाईच्या वेळी रोकडच लागते.

यकृत आणि स्नायू हे दोन साठे मात्र सारखे नाहीत. यकृत म्हणजे घरातली कणगी. सगळ्यांसाठी. तुम्ही झोपलेले असताना मेंदूला ग्लुकोज लागतं, दिवसाला सुमारे 120 ग्रॅम. ते कणगीतून काढून रक्तात सोडलं जातं. दिवसभर काही खाल्लं नाही तर ही कणगी जवळपास रिकामी होते. मग यकृत प्रथिनांपासून आणि इतर गोष्टींपासून नवं ग्लुकोज बनवायला लागतं. स्नायूंचं तसं नाही. प्रत्येक स्नायूचा आपापला डबा. मांडीतलं ग्लायकोजेन मांडीच वापरणार, ते ग्लुकोज म्हणून रक्तात येत नाही. मेंदू उपाशी असला तरी मांडी त्याला थेट साखर देऊ शकत नाही.

मग स्नायूंतल्या साखरेचं पुढे काय होतं? हा हिशेब कुणाला लागत नव्हता. कोरी दांपत्याने तो उंदरांवर लावला. आणि त्यांची पद्धत अगदी वाण्याच्या चोपडीसारखी होती. उंदराला ठरावीक साखर द्यायची. किती आतड्यातून शोषली, किती जळली, किती यकृतात बसली, किती स्नायूंत, सगळं मोजायचं. जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत. जुळले नाहीत तर मोजमाप चुकलंय, पुन्हा करा. गर्टी याबाबतीत महाकडक होती. निष्काळजी आकडा तिला अजिबात खपत नसे.

मग त्यांनी उंदरांना अ‍ॅड्रिनलिन दिलं. घाबरल्यावर, धावताना आपल्या अंगात जे उसळतं तेच. स्नायूंतलं ग्लायकोजेन घटलं. पण काही वेळाने यकृतातलं वाढलं! स्नायू तर ग्लुकोज बाहेर सोडू शकत नाही. मग इकडचं तिकडे गेलं कसं? मधला निरोप्या कोण?

निरोप्या होता लॅक्टिक आम्ल. स्नायूला जोरात काम करायचं असतं आणि तेवढा ऑक्सिजन वेळेवर मिळत नाही, तेव्हा तो ग्लुकोज अर्धवटच फोडतो आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. ते रक्तात उतरतं, यकृतात पोचतं. यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज बनवतं, हवं तर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, हवं तर रक्तात सोडतं. ते ग्लुकोज पुन्हा स्नायूकडे. चक्र पूर्ण. 1929 मध्ये त्यांनी हे मांडलं आणि त्यालाच आपण कोरी सायकल म्हणतो.

हा व्यवहार फुकटात होत नाही, बरं का. एका ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करताना स्नायूला एटीपीचे दोन रेणू मिळतात आणि ते परत ग्लुकोज करताना यकृताचे सहा खर्च होतात. म्हणजे घाट्याचा सौदा. पण गाडी पकडायची त्या क्षणी स्नायूला उधार हवी असते आणि यकृत ती नंतर, निवांत, ऑक्सिजन वापरून फेडतं. डब्यात शिरल्यावर काही मिनिटं धाप लागते, त्यामागचं एक कारण हेच. आणि हो, जिमच्या दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं. दुखतात ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे.

नवऱ्याचं नुकसान करतेस

एवढं काम झाल्यावर दोघांना कुठेही नोकरी मिळायला हवी होती. मिळत होती, पण एकालाच. एका विद्यापीठाने कार्लला उत्तम पद देऊ केलं, अट एकच: बायकोसोबत काम करायचं थांबवा. तेवढ्यावर भागलं नाही. गर्टीला बाजूला घेऊन समजावण्यात आलं, की नवऱ्यासोबत काम करून तू त्याच्या प्रगतीत धोंड होते आहेस, आणि हे असं वागणं अमेरिकन रीतीला धरून नाही. नुकतंच, 1928 मध्ये, तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं. ती रडली. आपण खरंच त्याच्या वाटेत येतोय का, असं तिला वाटून गेलं.

कार्लने ती नोकरी नाकारली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण ते घडलं नसतं, तर कोरी सायकलनंतरची गोष्ट तुमच्यापर्यंत आलीच नसती.

1931 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने दोघांना घेतलं. कार्ल औषधशास्त्र विभागाचा प्रमुख, गर्टी संशोधन सहायक. शिक्षण तेच, अनुभव तोच, शोधनिबंधांवर दोन्ही नावं. पगार मात्र त्याच्या पगाराचा एक लहानसा हिस्सा. नवरा-बायको दोघांनाही प्राध्यापक नेमायचं नाही, हा नियम त्या काळी बऱ्याच विद्यापीठांत होता आणि तो नेहमी बायकोलाच लागू व्हायचा. सोळा वर्षं गेली तिला पूर्ण प्राध्यापक व्हायला.

पण लॅब मिळाली. तिने ती पकडून ठेवली.

बेडकाचा स्नायू आणि आयोडिनचा निळा रंग

आता प्रश्न आणखी आतला होता. ग्लायकोजेनच्या साखळीतून ग्लुकोज सुटतं, ते नेमकं कसं? पहिली उडी कुठली?

त्यांनी बेडकाचे स्नायू बारीक केले, पाण्याने धुऊन घेतले आणि फॉस्फेटसोबत ठेवले. स्नायूंतला फॉस्फरस अचूक मोजायची सोपी पद्धत काही वर्षांपूर्वीच, 1925 मध्ये, सायरस फिस्के आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी दिली होती आणि जगभरच्या लॅबमध्ये ती वापरली जायला लागली होती. 1936 मध्ये कोरींना एक नवाच पदार्थ सापडला. ग्लुकोज, पण त्याच्या पहिल्या कार्बनला फॉस्फेटची शेपटी. ग्लुकोज-1-फॉस्फेट. लोक त्याला कोरी एस्टर म्हणायला लागले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गर्टीला मुलगा झाला, टॉम. ती चाळीस वर्षांची होती आणि बाळंतपणाला जाईपर्यंत लॅबमध्ये उभी होती.

मग ती शेपटी लावणारं एन्झाइम सापडलं, फॉस्फोरिलेज. हे एन्झाइम साखळीच्या टोकाचा एक मणी तोडतं आणि तोडतानाच त्याला फॉस्फेट चिकटवतं. यात दोन फायदे. एक, वेगळी ऊर्जा खर्च होत नाही. दोन, शेपटीवाला ग्लुकोज पेशीच्या पटलातून बाहेर निसटू शकत नाही. यकृतात ही शेपटी शेवटी कापणारं दुसरं एक एन्झाइम असतं, म्हणून तिथलं ग्लुकोज रक्तात जातं. स्नायूंत ते एन्झाइम नाही. मघाशी म्हटलं ना, मांडीचा डबा मांडीपुरताच. त्याचं कारण हे. रासायनिक कारण आहे ते, मांडीचा कंजूषपणा नव्हे.

1939 मध्ये त्यांनी हीच क्रिया उलटी चालवली. टेस्ट ट्यूबमध्ये कोरी एस्टर आणि एन्झाइम घालून साखळी तयार केली. जिवंत पेशीच्या बाहेर इतका मोठा रेणू बनवणं, ही तेव्हा अचंबा वाटावा अशी गोष्ट होती. पण इथे एक गडबड झाली. स्टार्चला आयोडिन लावलं की निळा रंग येतो, ग्लायकोजेनला लावलं की तांबूस तपकिरी. हे तुम्ही प्रॅक्टिकलला केलंय. यकृतातल्या एन्झाइमने बनवलेल्या साखळीला तपकिरी रंग आला. पण स्नायूंतल्या शुद्ध एन्झाइमने बनवलेली निळी झाली! म्हणजे त्यांनी ग्लायकोजेन नाही, स्टार्चसारखी सरळसोट माळ बनवली होती. फांद्या नव्हत्या. आपल्यापैकी कुणीही अशा वेळी निरीक्षणाच्या वहीत अपेक्षित रंग लिहून मोकळं झालं असतं. त्यांनी निळ्या रंगाचा पाठपुरावा केला आणि फांद्या फोडणारं एक वेगळंच एन्झाइम असतं, हे त्यातून निघालं.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शरीरात ग्लायकोजेन बनतं तेही फॉस्फोरिलेज उलटं चालवूनच, असा त्यांचा समज होता. तो चुकीचा निघाला. बनवण्याचा रस्ता वेगळा असतो, हे अर्जेंटिनाच्या लुई लेल्वारने 1950 च्या दशकात दाखवलं. हा लेल्वार कोण? कोरींच्याच लॅबमध्ये काही काळ काम करून गेलेला माणूस. त्यालाही नोबेल मिळालं, 1970 मध्ये. या लॅबमध्ये शिकलेल्या किंवा राहून गेलेल्या सहा जणांना पुढे नोबेल मिळालं. जिला दारात उभं करत नव्हते तिच्या लॅबमधून!

1947

आपल्या देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी गर्टीचा एक्कावन्नावा वाढदिवस होता. तिच्यासाठीही ते वर्ष उलथापालथीचं ठरलं. त्याच वर्षी ती पूर्ण प्राध्यापक झाली. उन्हाळ्यात दोघं नेहमीप्रमाणे रॉकी पर्वतात चढायला गेली आणि तिथे ती कोसळली. तपासण्या सुरू झाल्या. ऑक्टोबरमध्ये नोबेलची बातमी आली: अर्धं पारितोषिक कार्ल आणि गर्टीला, अर्धं अर्जेंटिनाच्या बर्नार्डो उसाय यांना. आणि स्टॉकहोमला निघायच्या सुमारास निदान कळलं. हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होतं, तोच हळूहळू तंतूंनी भरून निकामी होत होता. बरा होणारा आजार नव्हता.

ती स्टॉकहोमला गेली. पारितोषिक घेतलं. परत आली आणि लॅबमध्ये कामाला लागली.

पुढची दहा वर्षं तिने दुसऱ्यांच्या रक्तावर काढली. पुन्हा पुन्हा रक्त चढवायचं, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा थकवा. शरीर इंधन कसं वापरतं हे जगाला सांगणाऱ्या बाईच्या शरीरात ते इंधन जाळायला पुरेसा ऑक्सिजनच पोचत नव्हता. तिच्या ऑफिसात एक छोटी खाट टाकलेली असायची. चालवेनासं झालं तेव्हा कार्ल तिला उचलून एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे न्यायचा. सहानुभूतीचे शब्द तिला आवडत नसत. आकडे आणा, म्हणायची.

मुलांकडे परत

आणि या दहा वर्षांत तिने काय केलं? ती मुलांकडे परतली. तिची सुरुवात मुलांच्या हॉस्पिटलातच झाली होती, आठवतंय ना?

काही मुलं जन्मतःच एक विचित्र आजार घेऊन येतात. पोट फुगलेलं, कारण यकृत ग्लायकोजेनने ठासून भरलेलं. आणि तरी जेवणानंतर काही तासांत रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. कणगी भरलेली, घर उपाशी. असं का होतं, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

गर्टीकडे अशा मुलांच्या यकृताचे नमुने आले. 1952 मध्ये तिने आणि कार्लने दाखवून दिलं, की त्यांच्यातल्या एका प्रकारात यकृतात फॉस्फेटची शेपटी कापणारं ते शेवटचं एन्झाइमच नसतं. म्हणजे या मुलांचं यकृत त्या बाबतीत स्नायूसारखं वागतं: साठवतं, पण सोडू शकत नाही. आनुवंशिक आजार म्हणजे एखाद्या एन्झाइमची उणीव असू शकते, हे यकृताच्या बाबतीत पहिल्यांदाच असं थेट सिद्ध झालं. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांत ग्लायकोजेनच्या फांद्या तोडणारं एन्झाइम नव्हतं. त्या आजाराला आज कोरी डिसीज म्हणतात. तिने हे आजार एकेक करून वेगळे केले. आधी सगळ्यांना मिळून एकच आजार समजलं जायचं.

याचा उपयोग काय झाला? पहिल्या प्रकारातल्या मुलांना आज ठरावीक तासांनी कच्चा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून देतात. तो पोटात हळूहळू पचतो, रक्तात थोडं थोडं ग्लुकोज येत राहतं आणि मूल रात्र काढू शकतं. हा उपाय तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी आला. पण बिघाड कुठे आहे हे कळलंच नसतं, तर उपाय कसला शोधणार?

26 ऑक्टोबर 1957 ला गर्टी गेली. एकसष्ट वर्षांची होती. शेवटच्या काही महिन्यांपर्यंत तिचे शोधनिबंध येत होते.

2008 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिच्या नावाचं तिकीट काढलं. चेहऱ्यामागे कोरी एस्टरचं सूत्र छापलं. पण ते छापताना एका बंधाची जागा चुकली! जिने आयुष्यभर चुकीचा आकडा खपवून घेतला नाही, तिच्याच तिकिटावर. तिने ते बघितलं असतं तर काय केलं असतं, याचा अंदाज तुम्हाला आता येईल.

असो. तुमचं स्टेशन आलं असेल. मांड्या आता हलक्या झाल्यात. मघाचं लॅक्टिक आम्ल यकृतात पोचलंय, त्याची पुन्हा साखर होतेय, हिशेब जुळतोय. पण यकृताच्या कणगीत रात्रभरात बरीच घट झालीये, तेव्हा पहिल्या लेक्चरआधी कँटीनमध्ये जाऊन पोहे खा. आणि पुढच्या वेळी परीक्षेत ती दोन बाणांची आकृती काढाल, तेव्हा एवढं लक्षात असू द्या, की त्यातल्या एकाही बाणाला हात लावायची तिला परवानगी नव्हती.